उतार तुझा, मुलगी माझी

जयवंता,

परवा तुझ्या तेराव्याला तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांची रांग थेट लिफ्टपर्यंत गेली होती. जेवणं झाल्यावर एकेक जण तुझ्याबद्दल बोलला. मंडळातले बोलले, तुझ्या ऑफिसातले बोलले, खालच्या बागेत पालेभाजी लावणारे चिनी अंकल मोडक्या इंग्रजीत बोलले आणि बोलता बोलता रडले. मग शुभावहिनींनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांचा शेजार, मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. मी मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, याला दुःख आवरत नाहीये. दुःख होतंच. पण माझ्याकडे बोलण्यासारखं जे होतं ती तक्रार होती, आणि तेराव्याला कुणी तक्रार करत नाही.

म्हणून इथे करतो. माझी मुलगी तुझ्याशी मराठीत बोलायची आणि माझ्याशी इंग्रजीत. या एका गोष्टीवरून मी तुझ्यावर इतकी वर्षं जळत आलो. तू गेलास म्हणून ते थांबेल असं वाटलं होतं, पण नाही थांबलं.

तुला आठवतं ना, सेंगकांगच्या या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा सानिका जेमतेम शाळेत जायला लागली होती? शाळेत तिची मातृभाषा म्हणून हिंदी, मैत्रिणींत सिंग्लिश म्हणजे इथली सिंगापुरी इंग्रजी, आणि घरात आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "सानिका, जेवलीस का?" "एट ऑलरेडी." "दप्तर भरलंस?" "लेटर लाह, बाबा." मी काय काय नाही केलं! पुण्याहून येताना दर खेपेला गोष्टींची पुस्तकं आणली, मंडळाच्या रविवारच्या वर्गाला घातलं, आजीसमोर व्हिडिओवर बसवलं. आजी बिचारी शेवटी स्वतःच इंग्रजी बोलायला लागली. आणि सानिकाची आई? वैशाली नोव्हेनाच्या हॉस्पिटलातली शिफ्ट संपवून दमून यायची आणि म्हणायची, "सोड रे, बोलेल आपोआप." आपोआप काही होत नसतं, असं मी तिला ऐकवायचो.

आणि मग एका शनिवारी मी नवव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये उभा असताना खालून माझ्या मुलीचा आवाज आला. "काका, वर घे! अजून वर! आता थोडं खाली. बस, बस, बस!"

मी कठड्यावरून वाकून बघितलं. ब्लॉकच्या मागच्या उतारावर तू एका टोकाला उकिडवा बसला होतास, दुसऱ्या टोकाला सानिका. दोघांच्या हातांत एकाच पारदर्शक नळीची दोन टोकं आणि नळीत पाणी. दोन्हीकडचं पाणी कुठे स्थिरावतं ते बघून तुम्ही काठ्या रोवत होतात, म्हणजे उतारावर आडवी, अगदी समपातळीतली रेघ मिळेल आणि त्या रेघेवर चर खणता येईल. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये राहिलेला माणूस तू. पातळी मापायचं एखादं महागडं यंत्र आणशील असं कुणालाही वाटलं असतं. तू माशांच्या टाकीची नळी आणलीस, आणि तिचं दुसरं टोक माझ्या मुलीच्या हातात दिलंस. एवढ्या लांबून हळू बोलून चालणार नव्हतं. ओरडायलाच हवं होतं, आणि ती ओरडत होती मराठीत.

तू वर बघितलंस आणि मला हात केलास. मला वाटलं, मिरवतोय. मी हात न करता आत गेलो.

तो उतार कुणाला माहीत नसेल तर सांगायला हवं, म्हणजे तुला नव्हे, हे वाचणाऱ्यांना. ब्लॉक बांधताना वरची चांगली माती कुठेतरी गेली आणि मागे लालसर, घट्ट, उघडी माती राहिली. इथला पाऊस म्हणजे दुपारी कुणीतरी आभाळाची चावी सोडल्यासारखा. दर पावसात ती माती घळाघळा खाली यायची, पायवाटेवर चिखल, गटारात गाळ. सफाईवाले धुऊन काढायचे आणि पुढच्या पावसाला पुन्हा तेच. कुणाला काही वाटत नव्हतं. तू मात्र जहाजाची नोकरी सोडून इथे किनाऱ्यावर ऑफिसात बसायला लागल्यापासून रोज त्या उतारासमोर उभा राहायचास. "अरे, गुहागरात आमच्या आगराची माती अशी गेली असती, तर आजोबांनी घरात जेवण नसतं केलं," असं तू मला एकदा म्हणालास. मी म्हटलं, "जयवंता, ही सरकारची माती आहे." तू म्हणालास, "माती काय पासपोर्ट बघून वाहते?"

मग तू रीतसर परवानगी काढलीस. बागेला लागून असलेला तो तुकडा तुला मिळाला आणि तू तिथे लावलेस नेचे.

नेचे! यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. ना फूल, ना फळ, ना वास. देवाला वाहता येत नाही, भाजीत घालता येत नाही. मी म्हणायचो, कढीपत्ता लाव, मोगरा लाव, निदान गवती चहा तरी लाव, सकाळी चार पाती तोडून नेईन. तू हसायचास. "फुलं यायच्या आधीची झाडं आहेत ही. पृथ्वीवर फूल म्हणून काही नव्हतं तेव्हा हे होते. तू त्यांच्याकडे मोगरा मागतोस?" मी म्हणायचो, जुनं असणं हा काय गुण झाला? आणि तू म्हणायचास, "टिकणं हा गुण आहे."

हेच सगळं मला रात्रीच्या जेवणाला पुन्हा ऐकायला मिळायचं. "बाबा, डू यू नो, फर्न्स आर ओल्डर दॅन डायनोसॉर्स?" "बाबा, द कोल दॅट ओल्ड शिप्स बर्न्ड, दॅट वॉज एन्शंट फर्न फॉरेस्ट्स!" तू तिला मराठीत सांगितलेलं माझ्यापर्यंत इंग्रजीत भाषांतर होऊन यायचं. नेच्यांची माहिती मला कधीच नको होती. मला ते भाषांतर नको होतं. भात कालवत मी म्हणायचो, "मराठीत सांग ना." ती म्हणायची, "नेव्हर माइंड."

तुझी युक्ती काय होती ते मी खूप दिवस शोधत होतो. लपूनछपून नव्हे, कठड्यावरून, सगळ्यांदेखत. तू तिला काहीही शिकवत नव्हतास. तू तिला काम द्यायचास. "तो पाला इकडे आण. तिथे नको, चरात भर. दाबू नकोस, सैल राहू दे." चर उघडे ठेवले तर पाणी साचणार, पाणी साचलं की डास, आणि डास म्हटलं की या देशात तपासणीवाले दारात. म्हणून तू चर सुक्या पाल्याने आणि नारळाच्या सोडणांनी भरायचास. पाणी त्यात शिरून दिसेनासं व्हायचं आणि सावकाश मातीत उतरायचं. सफाईवाले पानं झाडून काळ्या पिशव्यांत भरायचे, तू त्या पिशव्या मागून घ्यायचास. आमच्या घरचं तांदळाचं धुवण, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, सगळं बादलीत साठवून सानिका खाली न्यायची. वैशाली कौतुकाने बघायची. आमच्या मुलीने घरात कधी स्वतःचा ग्लासही विसळला नव्हता.

एकदा मी लिफ्टमध्ये तुला चिडवलं, "इथे रोज पाऊस पडतो आणि तू पाणी कसलं वाचवतोस?" तू गंभीर झालास. जहाजावर चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायचं पाणी मात्र यंत्राने करून घ्यावं लागतं, ते यंत्र बंद पडलं की कप्तानापासून खलाशापर्यंत सगळे तुझ्या तोंडाकडे बघायचे, असं काहीतरी सांगितलंस. "पडलं म्हणजे आपलं होत नाही रे. थांबलं तर आपलं." तुझा मजला आला आणि तू उतरलास. नेहमी असंच व्हायचं. शेवटचं वाक्य तुझं आणि लिफ्टचं दार माझ्या तोंडावर.

आणि तू बरोबर निघालास, हा तर वेगळाच ताप. त्या एका वर्षी फेब्रुवारीत पाऊस गायबच झाला. बेटभर गवत पिवळं पडलं, फुटबॉलच्या मैदानावर धूळ उडायला लागली. चांगी बिझनेस पार्कमध्ये आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणारी हिरवळ काथ्याच्या पायपुसण्यासारखी झाली. आणि आपल्या ब्लॉकमागचा उतार हिरवा! लोक फोटो काढायला यायला लागले. तू त्यांना सांगायचास, "आस्क हर," आणि सानिका पाला उचलून खालची ओली, काळपट माती दाखवायची. त्यांच्याशी अर्थात इंग्रजीत. मधेच मान वळवून तुला विचारायची, "काका, गांडूळ दाखवू का?" मी ऑफिसातून येताना हे बघितलं आणि मागच्या रस्त्याने घरी गेलो.

अजून एक दुपार आठवते. गटाराच्या ओलसर भिंतीवर तिला काहीतरी सापडलं आणि तिची किंकाळी नवव्या मजल्यापर्यंत आली. "काका, बदाम! हिरवा बदाम!" नखाएवढं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं पातळ हिरवं पान. त्या रात्री तिने मला समजावलं की नेच्याच्या पानामागे जी तपकिरी धूळ असते तिच्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी हा बदाम होतो. तो नेच्यासारखा मुळीच दिसत नाही. आणि त्या बदामावर पाण्याचा पातळसा थर मिळाला तरच त्याच्यातून पुढचा नेचा येतो. पाणी नाही तर पुढची पिढी नाही. "सो द पेरेंट अँड द चाइल्ड लुक टोटली डिफरंट, बाबा. यू वोन्ट नो दे आर फॅमिली." मी म्हटलं, छान. मला ते छान वाटलं नव्हतं.

तुझ्यावरचा राग थोडा कमी व्हावा म्हणून मी एकदा आपणहून खाली आलो, तेही तुला आठवत असेलच. गणपतीचे दिवस होते. आपण सगळे शाडूच्या मूर्ती विमानात मांडीवर घेऊन आणायचो आणि घरात बादलीत विसर्जन करायचो. मूर्ती विरघळल्यावर त्या गढूळ पाण्याचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न. मला कल्पना सुचली. आपल्या आजूबाजूच्या सगळ्या मराठी घरांतल्या बादल्या गोळा करायच्या आणि ती माती उतारावर नेच्यांना घालायची. पवित्र माती, गावाकडची माती, वाया जायला नको. मला फार अभिमान वाटला. त्या उतारावर काहीतरी माझंही असणार होतं.

तू बादल्यांकडे बघितलंस. पुढे काय होणार हे तुला त्याच क्षणी कळलं होतं, मला आज पक्की खात्री आहे. पण तू म्हणालास, "गणपतीची माती. नाही कसं म्हणायचं?" आणि आपण दोघांनी, मंगलमूर्ती मोरया म्हणत, सगळ्या बादल्या ओतल्या. कुठल्याही दुसऱ्या माणसाने असं केलं नसतं. चिनी अंकलनी तर लांबूनच हात हलवून नो नो केलं होतं.

दोन दिवस ऊन पडलं आणि शाडू कडक झाला. उतारावर कुणी गिलावा केल्यासारखा. पुढचा पाऊस वरच्या वर घसरून गेला, खालची माती कोरडीच राहिली. नेच्यांचे कोवळे, गुंडाळलेले कोंब मातीत लिंपले गेले आणि कुजले. चिखल पुन्हा पायवाटेवर आला. सानिका शाळेतून आली, दप्तर तसंच पाठीवर, आणि तिथेच उभं राहून तिने तुला झापलं. "काका, तुला कळत नाही का? झाडाला लेप लावतात का असा? पाणी आत कसं जाणार? तूच सांगतोस ना मला, आणि तूच असं करतोस! आता सगळं मलाच निस्तरायला लागणार." कंबरेवर हात, चेहरा लाल, आणि तोंडात 'निस्तरायला'. हा शब्द तिने कुठून आणला देव जाणे. तुझ्याकडूनच आणला असणार.

मग ती माझ्याकडे वळली. मी तयार होतो. खरंच सांगतो, जयवंता, मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा. यू डिडन्ट नो."

पाहुण्याशी बोलतात तसं. तुला शिव्या आणि मला सौजन्य. त्या दिवसाइतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही. ऑफिसात माझ्यानंतर लागलेली पोरं माझे साहेब झाली तेव्हाही नाही. तुम्ही दोघं पुढचे कितीतरी दिवस खुरप्याने तो थर फोडत होतात, त्यात पाला मिसळत होतात, आणि ती तुझ्यावर अखंड कुरकुरत होती. मी वर होतो. लंडनच्या लोकांबरोबर संध्याकाळी कॉल असायचे. ते खरंच असायचे, पण एवढेही नसायचे.

तू आजारी पडलास तेव्हा मी रोज आलो. वैशालीच्याच हॉस्पिटलात होतास, त्यामुळे वेळेचं बंधन मला कुणी घातलं नाही. तुझ्या पलंगाशेजारी बसून मी इथल्या फ्लॅटांच्या किमती, मंडळातलं राजकारण, तुझ्या वॉर्डातली बेचव खिचडी यांवर तासन्‌तास बोललो. विचारायचं होतं ते एकच, तू तिला काय करतोस रे? कसं जमतं तुला? तोंडाशी यायचं आणि मी खिचडीवर जायचो. एकदा तू स्वतःच म्हणालास, "सानिका फार गुणी आहे हां." मी म्हटलं, "माहितीय." किती तोडून बोललो ते. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास.

मग तू गेलास. तुझा रोहन मुंबईहून आला. सगळं त्याने नीट केलं. मंडाईच्या स्मशानात, घरी, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देणं, आईला औषध देणं. शांत मुलगा. तू जहाजावर असताना तो ठाण्यात वहिनींजवळ वाढला, आणि तू किनाऱ्याला लागलास तोवर तो कॉलेजात गेला होता, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. चौथ्यापाचव्या दिवशी तो म्हणाला, "काका, बाबा इथे काय करायचे ते दाखवाल का?" मी म्हटलं, मला काही माहीत नाही, सानिकाला विचार.

सानिकाने त्याला उतारावर फिरवलं. मी मागे छत्री धरून. चर कुठले आधीचे, कुठले नंतरचे, तांदळाचं पाणी कुणाच्या घरून यायचं, कोपऱ्यातल्या झाडावर चढलेल्या नेच्याला आपण बाशिंग का म्हणतो, त्याची खालची पानं वाळून तपकिरी झाली तरी गळत का नाहीत. "ती मुद्दाम राहतात, दादा. वरून पडलेला पाला धरून ठेवतात. त्याची माती होते आणि ती वरच्या हिरव्या पानांना मिळते. काकाने सांगितलं." सगळं मराठीत, एका दमात. रोहन खाली मान घालून ऐकत होता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाबा एवढे बोलायचे? आम्हाला फोनवर तर 'बरंय ना, अभ्यास कर' एवढंच असायचं."

त्याने सानिकाकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. ती मी रोज कठड्यावरून वापरत होतो. इतक्या वर्षांत माझ्या पंगतीला पहिल्यांदाच कुणीतरी बसलं होतं, आणि तो तुझाच मुलगा असावा! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर मात्र सानिका मिटली. घरात "या", "नो", "ओके". मराठी तर सोडच, इंग्रजीही मोजकंच. परवा तेराव्याला आली नाही, खोलीचं दार लावून बसली. मला भीती एकाच गोष्टीची वाटायला लागली. तिची मराठी तुझ्याबरोबरच गेली तर? रोहनशी बोलली ते शेवटचं तर नव्हतं? तू जिवंत असताना ती निदान कठड्यावरून माझ्या कानांवर यायची. तिला मी नको असेन, पण भाषा तरी घरात होती, खालच्या मजल्यावर का होईना. तुझ्याविना तेवढंही उरत नव्हतं. तुझा एवढा राग करूनही तू परत यावास असं मला वाटलं, ते याच्यासाठी.

काल संध्याकाळी पाऊस आला. मी लॅपटॉप बंद करून कॉरिडॉरमध्ये आलो, तर सानिका आधीच कठड्याशी उभी होती. खाली उतारावर पाऊस कोसळत होता आणि पायवाट स्वच्छ होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. मग समोर बघतच तिने विचारलं, "बाबा, तुला जयूकाका आवडायचा?"

मराठीत. मी हो म्हणणारच होतो. परवा सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. पण तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मला खोटं बोलवेना.

"फारसा नाही," मी म्हटलं. "मला त्याचा हेवा वाटायचा."

"का?"

"तू त्याच्याशी बोलायचीस. असं, आत्ता बोलतेस तसं."

तिने हे ऐकून घेतलं. हसली नाही, इट्स ओके म्हणाली नाही. कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि म्हणाली, "मग तू खाली का नाही यायचास?"

मी म्हटलं, कॉल असायचे. मग म्हटलं, तो मला खालून हात करायचा ना, मला वाटायचं मिरवतोय. माझी मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, हा माणूस कोण आहे असंच विचारतेय.

"मिरवत नव्हता काही. बोलवत होता. रोज विचारायचा मला, तुझा बाबा येणार का आज? मीच सांगायचे, बाबा बिझी आहे."

"मग तो काय म्हणायचा?"

"म्हणायचा, उद्या येईल."

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मला धरून रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. रडता रडता बोलत राहिली. काका असं म्हणायचा, काका तसं करायचा, काकाला हॉस्पिटलात नळ्या लावल्या होत्या तरी त्याने विचारलं की पाला कोण भरतंय. मराठीत, जयवंता, माझ्याशी, भरभरून, आणि प्रत्येक वाक्यात तू. मी तिच्या पाठीवर हात फिरवत ऐकत होतो आणि तसाच जळत होतो.

इतकी वर्षं मी तुझ्यावर राग धरला, नीट सांभाळून, पाणी घालून. माझी मुलगी घेतलीस, तिची भाषा घेतलीस, तिचा राग घेतलास, शेवटची वाक्यंसुद्धा घेतलीस. आणि आता कळतंय की तू रोज तिथे बसून माझी वाट बघत होतास. वर चांगलाही निघालास. हे मात्र तू बरं केलं नाहीस. भांडायला थोडी तरी जागा ठेवायची होतीस.